मानेतली रिकामी जागा

मलकपेठ, हैदराबाद
१४ ऑक्टोबर १९९६

ती. दादा,

त्रिवेणीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? फोनच करणार होते. एसटीडी बूथपर्यंत जाऊन परत आले. काचेबाहेर माणसं ताटकळत असताना हे बोलता आलं नसतं.

माझी सूज, गळलेले केस, घोगरा आवाज, सगळं तू उन्हाळ्यात पाहिलंस. "ताकदीच्या गोळ्या घेतेस ना?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं. खरं तर तू पाठवलेल्या बिनलेबलाच्या डब्या मी लग्नानंतर लगेच टाकून दिल्या होत्या. नवी सून रोज ताकदीच्या गोळ्या खाते, हे बरं दिसेना. ती चूक माझी.

गेल्या आठवड्यात प्रशांतने मला नव्या स्कॅन सेंटरला नेलं. दंडात इंजेक्शन दिलं, मानेवर कॅमेरा आणला. पडद्यावर लाळेच्या ग्रंथी उजळल्या, गळा काळाच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होते, मग गळ्यात उतरते. तुमची वाटेतच अडकली असणार. हनुवटीखाली हा व्रण कसला?"

लग्नाआधी काढलेल्या गाठीचा. पाहुणे बघायला येणार होते, म्हणून घाईने काढलेल्या.

मी एकटी कोठी भागात, ती गाठ काढणाऱ्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान खाली घातली. "अम्मा, मैं पहले स्कॅन करो बोला था. तुम्हारे भाई बोले, टाइम नहीं. मैंने भी मान लिया. बाद में रिपोर्ट आयी, वही एक थायरॉइड थी. उनको बिठाके बोला, गोली उम्रभर की है."

त्या डब्यांत थायरॉइडच्या गोळ्या होत्या, हे चार वर्षं तुला ठाऊक होतं, दादा. पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं, तेव्हा तू दवाखान्यात उशाशी बसून रडलास. मी तुझे डोळे पुसले. त्या दिवशी तरी सांगायचंस! गोळ्यांनी बाळ वाचलंच असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. पण मी एकही गोळी चुकवली नसती.

आता नाव छापलेली गोळी रोज उपाशीपोटी घेते. आवाज सुधारतोय. प्रशांतला आणि सासूबाईंना मीच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच होतं, तर लपवलं कशाला?" याचं उत्तर तुला देता आलं तर लिही.

येऊ मात्र नकोस. तू समोर बसून रडलास की मी माफ करून टाकीन, आणि मला इतक्यात करायचं नाही.

तुझी बहीणच,
त्रिवेणी