माझ्या जागी मोडलेली काडी

५ जुलै १९५७
गेले! वकिलाकडे एकदाची गेले. बाबांच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता — "आपल्यातली बाई कोर्टात जाते का वं?" जाते.

मार्तंडराव वकिलांनी बसायला खुर्ची दिली. मी धडाधडा सांगितलं — नवऱ्यानं दुसरी बाई, देवकी, घरात आणली, मला आणि लेक पुष्पलताला बाहेर काढलं. माहेरी बापाच्या हातमागावर सुताच्या कांड्या भरून खाते. दोघींना पोटगी पाहिजे. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "काडीमोड झाली का?"

तिथंच घोडं पेंड खातं.

७ जुलै
लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

आमच्यात नवरा-बायकोनं पंचांसमोर एक काडी दोन टोकांना धरायची आणि मोडायची. मोडली की नातं सुटलं. होळीनंतर पंच बसले तेव्हा मी गेलेच नाही. म्हटलं, आधी पोरीच्या पोटाचं बोला, मग काडी. तर बाबांनी — स्वतः पंच! — माझ्या जागी काडी धरली आणि मोडली. घरी येऊन म्हणतात, "बापाचा हात तोच लेकीचा हात. झाली तू मोकळी." मोकळा झाला नवरा, जागेश्वर. मी कसली मोकळी?

वकील म्हणाले, "पोरीची पोटगी कोणी अडवू शकत नाही. पण काडी तुम्ही मोडली असं ठरलं, तर तुम्ही त्याची बायकोच राहत नाही. तुम्हाला काही मिळणार नाही." मी हात लावला नाही, हे सांगणारा साक्षीदार हवा. तिथं होते ते सगळे पंच. आणि बाबा.

१६ जुलै
आज बाबांना विचारलं. माग थांबवला त्यांनी. "पंचाईत चुकली असं मी कोर्टात सांगू? वाळीत टाकतीन मले."

आणि मला टाकलं, ते?

दोघंही जेवलो नाही. पुष्पा एकटीच जेवली, आमच्या तोंडाकडे पाहत.

२ ऑगस्ट
अर्ज दाखल. कारकुनानं शाईची डबी पुढे सरकवली, अंगठ्यासाठी. मी त्याच्याच टाकानं सही केली. अक्षर बरं आलं.

२० ऑगस्ट
जागेश्वर कोर्टात नवा कोट घालून आला होता. त्याच्या वकिलानं सांगितलं, काडीमोड रीतसर झाली. साक्षीदार — नत्थूजी, मुलीचे वडील! माझाच बाप माझ्यावर सोडला.

बाहेर जागेश्वर आडवा आला. "काहून हट्ट करून राहिली वं? घरी बस. पोरीले मी पाहीन."

"हिवाळ्यापासून कुठं पाहिलं तू तिले?"

लग्नापासून 'तुमी' म्हणत आले. आज 'तू' निघालं. फार बरं वाटलं.

२१ ऑगस्ट
बाबांशी बोलणं बंद. कांड्या भरून ठेवते, ते उचलतात.

१० सप्टेंबर
उद्या बाबांची साक्ष. राग येतो, आणि त्यांची वाकलेली पाठ पाहून जीवही तुटतो. पण हरले तर वरच्या कोर्टात जाईन. पुष्पाला शाळेतून काढणार नाही म्हणजे नाही.

११ सप्टेंबर
बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. जागेश्वरच्या वकिलानं विचारलं, "काडी मोडली ना?"

"मोडली."

"मुलीच्या वतीनं?"

"नाही साहेब. पोरगी नाहीच म्हणत होती. मी आपल्या मोठेपणापायी मोडली. तिचा हात नव्हता, मर्जी नव्हती."

जागेश्वर त्यांच्याकडे पाहतच राहिला. बाहेर पंच वाट पाहत होते. "नत्थूजी, आजपासून तुम्ही जातीबाहेर."

बाबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मला म्हणाले, "चाल वं. पुष्पाची शाळा सुटली असंन."