जोडकामाची उलट बाजू

प्रिय रिताताई,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी मासोळीवाल्या गिरजाबाईने तुमसरहून तुझं बोचकं आणलं. चिठ्ठीत एवढंच : ‘जुन्या साड्यांचं आहे. कापूस भरून मशीनवर शिवून दे.’
२. खाली अस्तर, मधे कापूस, वर साड्यांच्या तुकड्यांचं तुझं जोडकाम असे तीन थर टाचले. टाका लांब ठेवून मधून कडेकडे शिवत निघाले.
३. पहिल्याच ओळीला चुण्या पडल्या.
४. उसवलं, थर वेगळे केले. तेव्हा तुझ्या जोडकामाची उलट बाजू दिसली.

चुण्या माझ्या. नवशिकी आहे, कापड हाताने ओढलं; मशीनला तिच्या चालीने नेऊ द्यायला हवं होतं. बाकीचं मात्र माझं नाही. साड्या जुन्या नाहीत. तुझ्या हळदीच्या मोरपंखी साडीचा फॉल अजून कडक आहे. आई म्हणाली, “माहेरच्या साड्या जड झाल्या का तिले? कायले फाडून राहिली?”

तुला माहीत आहे, वरठीच्या कारखान्यात तुटलेला तुकडा पाहून तो कसा तुटला हे सांगणं माझं काम आहे. कात्री चालते तशी थांबते, काठावर खूण सोडते. इथे तशी खूण नाही. हा काठ ब्लेडचा आहे. प्रत्येक साडीवर चीर एकाच जागी, आणि घडीच्या प्रत्येक थरावर तीच पुन्हा पुन्हा. म्हणजे साड्या कपाटात एकावर एक रचलेल्या होत्या आणि कोणीतरी वरून खाली ब्लेड ओढलं. तू ते नाहीस. तू रुमालसुद्धा आखल्याशिवाय कापत नाहीस.

फोन केला की लिलाधर भाऊजीच उचलतात. “तुझी ताई कामात हाये, मले सांग नं.” कालही तेच. आणि गोधडी तुला हातानेही येते, तरी ती माझ्याकडेच पाठवलीस. मी उलट बाजू पाहते हे ठाऊक होतं म्हणून?

ब्लेड साड्यांवरच थांबेल, असं मला वाटत नाही. म्हणून हे लिहिते आहे. पत्र गिरजाबाईच्या मासोळीच्या टोपल्यातून येईल. भाऊजी त्या वासामुळे दारात थांबत नाहीत. आईला सांगितलेलं नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. गोधडी मी पुढे शिवणार नाही, चिरा जशा आहेत तशा राहू देते.

यायचं आहे की नाही, एवढंच लिही. शुक्रवारी गिरजाबाई परत निघण्याआधी उत्तर तिच्या हाती दे. आलं नाही, तर शनिवारी पहिल्या एसटीने मी तुझ्या दारात असेन.

तुझीच,
खुशी