देवघरातल्या कुऱ्हाडीची व्यवस्था

मी, अवधूत शशिधर टिपणीस, वय २६, राहणार पिनर, मिडलसेक्स, पूर्ण शुद्धीत आणि दोन कप चहा पिऊन माझ्या पश्चात काय कोणाला जावं ते लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. मंगळवारी फालमथ बंदरातून कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावर शिडाची बोट पोचवायला निघतोय आणि मृत्युपत्राशिवाय कॅप्टन कोणाला बोटीवर घेत नाही, एवढंच.

मराठीत लिहितोय, कारण आईने हे स्वतः वाचायला हवं. माझी बहीण देवयानीताई सॉलिसिटरकडे कामाला आहे. ती समजावून सांगताना मधलं गाळेल. एक नियम मात्र तिनेच बजावला: "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही हं. घरच्यांच्या सह्या घेऊ नकोस." म्हणून शेजारच्या मिस्टर आणि मिसेस डॉबसनना बोलावलं आहे. दोघं खाली चिवडा खात बसलेत.

१. माझी सायकल आणि तंबू मित्र जय याला. तंबूला स्कॉटलंडमध्ये मेंढीने भोक पाडलं. म्हणजे मेंढीचा दोष नव्हता, मी आत पाव ठेवून... असो.

२. डोमिनिकातल्या हॉटेलच्या बांधकामावरचा फोरमन रॉय, ज्याने माझे पुढचे दोन दात पाडले, त्याला काहीही नाही. खोटे दात माझ्याबरोबर जाळावेत.

३. देवघरातला काळा दगड आईला. दोन वर्षं ती त्याची पूजा करते आहे, मागून घ्यायची माझी हिंमत नाही. पण आपल्याला काय मिळतंय ते तिला कळलं पाहिजे.

२००४ साली मी डोमिनिकात त्या हॉटेलच्या पायासाठी जेसीबी चालवत होतो. (लायसन्स नव्हतं, तो वेगळा विषय.) त्या बेटाचं नाव म्हणजे मुळात रविवार. कोलंबस रविवारी तिथून गेला म्हणून. राहणाऱ्यांनी आधीच वाइतुकुबुली असं नाव ठेवलेलं होतं, त्यांना विचारलं कोणी नाही.

पहिल्या खेपेला बकेटमध्ये फासळ्या आल्या. मला वाटलं, डुकराच्या. दुसऱ्या खेपेला बकेटचा दात कवटीत घुसला आणि ती मडक्यासारखी फुटली. कवटी लहान होती. शेजारी बोटांची हाडं, आणि त्यांच्यात हा दगड. रॉय म्हणाला, "काँक्रीट ओत." मी नाही म्हणालो. दात तेव्हा पडले. मग मीच काँक्रीट ओतलं.

आमचं जेवण करणाऱ्या आग्नेसबाई कालिनागो, म्हणजे बेटावरच्या मूळच्या लोकांतल्या. त्यांनी सांगितलं, तिथे एका गावाचं नावच मॅसेकर, कत्तल. सव्वातीनशे वर्षांपूर्वी इंग्रज गव्हर्नरला दोन मुलगे, एक गोऱ्या बायकोचा, एक कालिनागो बाईचा. गोरा भाऊ माणसं घेऊन आला. सावत्र भावाला आणि त्याच्या लोकांना मेजवानी दिली, भरपूर रम पाजली. मग भावाच्या अंगात सुरा खुपसला. तीच खूण. बाकीच्यांनी बायकापोरांसकट सगळ्यांना कापलं. "म्हणून माझी आजी पाहुण्याला म्हणायची, आधी तू पी," असं आग्नेसबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "हाडांबरोबर आणखी काही होतं का?"

मी म्हणालो, नाही. तो दगड, म्हणजे कुऱ्हाडीचं पातं, माझ्या पिशवीत होतं. त्या रोज काँक्रीटच्या कडेला कसावाच्या कंदाची भाकरी ठेवायच्या, माझ्यासमोर.

घरी आल्यावर कपडे धुवायला काढताना ते आईला सापडलं. काळं, गुळगुळीत. "अगंबाई, शाळिग्राम!" मी पुढे एकदा सांगितलं, आई, ती कुऱ्हाड आहे. तर म्हणाली, "तुला काय कळतंय? शनिवारच्या मराठी क्लासला तरी कधी वेळेवर गेलास?" तेव्हापासून रोज त्याला दुधाची आंघोळ, तुळस, अष्टगंध.

४. वरीलपैकी जे ज्याच्या त्याच्याकडे काही कारणाने जाऊ शकणार नाही, ते सगळं आग्नेसबाईंना.

इथवर लिहून कागद आईला दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"लहान म्हणजे केवढी होती?"

"पोराची असावी."

"आणि तू वर काँक्रीट ओतलंस."

"हो."

"आणि मी दोन वर्षं एका मेलेल्या पोराच्या हातातलं काढून पुजतेय." ती देवघरात गेली. आली ती दगड पदरात घेऊन. "साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणालास ना?"

"नाही मिळत."

"मग मिसेस डॉबसनना सांग, चिवडा खा सावकाश. पेन दे मला. आणि तू मरायची वाट कशाला बघायची? मंगळवारीच ने. त्या बाईंना खरं काय ते सांग. आणखी दोन दात पडले तरी चालतील."

खालील तिघांनी एकमेकांच्या समोर सह्या केल्या.

अवधूत शशिधर टिपणीस

साक्षीदार:
१. कॉलिन डॉबसन, शेजारी
२. प्रमोदिनी शशिधर टिपणीस, आई

दुसऱ्या सहीवरचा केशरी डाग अष्टगंधाचा आहे. खाडाखोड समजू नये.

पिनर, रविवार, १२ नोव्हेंबर २००६