लाभ, एक, दोन

दि. २४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. भाषा शुद्ध राहील. इंग्रजी शब्द अपरिहार्य असेल तेथेच.

मी उदाराम, वय ७७, इयत्ता चौथी उत्तीर्ण, गणितात वर्गात पहिला. व्यवसाय मापारी, म्हणजे खळ्यावर पायलीने धान मोजून देणारा. विक्रीचे धान आता काट्यावर जाते. परंतु कापणीची मजुरी आमच्याकडे अजून धानातच देतात आणि ती मी मोजतो. सौंदडजवळच्या तीन गावांत मजूर बायका विळा उचलण्यापूर्वी विचारतात, मोजाले उदारामजीच येनार ना? अठ्ठावन्न वर्षांत माझ्या मापाविषयी एकही तक्रार नाही.

नात चि. हर्षा दिवाळीला नागपूरहून आली आहे. तेथे तिला संगणकाची नोकरी आहे. फावल्या वेळात ती लायब्रऱ्या लिहिते. एखादे लहानसे काम करणारा प्रोग्राम लिहून इंटरनेटवर ठेवायचा आणि जगात कोणीही तो उचलून आपल्या प्रोग्रामला जोडायचा, त्यास लायब्ररी म्हणतात. या उद्योगाचे नाव ओपन सोर्स. मोबदला काय, असे विचारले. काही नाही. लोक निदान धन्यवाद देतात का? "नाही आबाजी. चुका तेवढ्या दाखवतात."

नापसंती व्यक्त करून अंघोळीस गेलो.

दि. २५ ऑक्टोबर, शनिवार

नापसंती मागे घेतली. नव्या लायब्ररीचे नाव "पायली" असून तिला माझ्या मार्गदर्शनाची आवश्यकता आहे.

गावोगावी जुन्या वह्यांत मापाऱ्याचा शेवटचा पुकारा लिहिलेला असतो. वीस, सतरा, अकरा असा. तो आकडा दिला की लायब्ररीने एकूण पायल्या व किलो सांगायचे. नियम मी सांगितला. पहिली पायली ओतताना "लाभ" म्हणायचे. नंतर एक, दोन, तीन. वीस झाले की रास पूर्ण, एक काडी बाजूला ठेवायची, पुन्हा लाभ. म्हणजे पुकारा वीस, तर पायल्या एकवीस.

हर्षा म्हणाली, "पण आबाजी, 'एक'च्या जागीच लाभ म्हणतात ना? मग पुढे दोन यायला पाहिजे."

शांतपणे समजावले. ज्या अंकापासून गणिताचा आरंभ होतो तो एक गाळण्याचा अधिकार कोणासही नाही. गुरुजींनी हे छडीसह शिकवले आहे. लाभ देवाचा, एक गणिताचा.

तिने डोके खाजवले आणि सांगितले की संगणकसुद्धा शून्यापासून मोजतो. झाले! शून्य म्हणजेच लाभ. यंत्रांना आता उमगले ते मी एकोणीसशे सदुसष्टपासून करीत आहे.

स्वयंपाकघरात सुशिलाबाई खोकत होत्या. मी मापाविषयी बोलू लागलो की पत्नीस खोकला येतो. अडुळशाचा काढा द्यावा.

दि. २७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.४०

लायब्ररी जगापुढे ठेवली. व्हर्जन १.०.०. माहितीच्या पानावर "जाणकार: उदाराम" असे छापले आहे. त्यापुढे "इयत्ता चौथी, प्रथम क्रमांक" घालण्यास हर्षाने नकार दिला. जागा नव्हती, म्हणे. पान मी स्वतः पाहिले. खाली पुष्कळ जागा होती.

संकल्प: गावात स्वतःहून कोणास सांगणार नाही.

दुपारी ४ वाजता. अकरा जणांस सांगितले. मजूर बायकांची प्रमुख अन्नपूर्णाबाई सर्वांत अधिक प्रभावित झाली. तिने तीनदा विचारले की या संगणकाच्या भानगडीने खळ्यावरचे मोजणे बदलेल काय. नाही, म्हणताच तिचा जीव भांड्यात पडला. "बाबाजी, तुमी कायी बदलू नोका. जसं मोजून राहिले तसंच मोजा." (तिचे शब्द जसेच्या तसे. भाषेची जबाबदारी माझी नाही.)

दि. २८ ऑक्टोबर, मंगळवार

डाउनलोड ४१! हर्षा म्हणते, यातली बहुतेक माणसे नसून यंत्रे आहेत. जे जे नवे येते ते उतरवून घेतात. म्हणजे यंत्रांनासुद्धा दखल घ्यावी लागली.

संकल्प: आकडा दिवसातून एकदाच पाहीन.

दुपारी २: ४३. दुपारी ४: ४३. ४.२०: ४३. नेट मंद असावे.

दि. २९ ऑक्टोबर, बुधवार

आज आमच्या स्वतःच्या धानाची मजुरी मोजायची होती. नेमके सकाळी सुशिलाबाईंनी सौंदडला पाठविले. स्टेशनवर जाऊन गोंदियाच्या गाडीची वेळ प्रत्यक्ष पाहून यावी, फोनवर खात्री नसते, म्हणाल्या. परत आलो तोवर शेजारच्या माणसाने मोजणे उरकले होते. गेल्या वर्षी याच दिवशी सौंदडहून हिंग आणायचे होते, त्यापूर्वी घड्याळाचा सेल. दरवर्षीचा योगायोग. माझे श्रम तिला पाहवत नाहीत. बोलून दाखवीत नाही, एवढेच.

दि. ३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ८

लायब्ररीवर एक इश्यू आला. इश्यू म्हणजे परक्या माणसाने चारचौघांत काढलेली खोड.

देवरीचा कोणी भोजराज. तेथे जुन्या वाणांची बीजपेढी चालवितो. लिहितो की बायांच्या बचतगटाची वही लायब्ररीत घातली तर दर राशीस एक पायली जास्त निघते आणि प्रत्यक्ष कोठीत तेवढे धान नसते. "पहिल्या पायलीस 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात व पुढे 'दोन' येतो. कृपया एकचा फरक दुरुस्त करावा."

उत्तर सांगितले. दोन पाने. त्यात गुरुजींचा उल्लेख, शून्याचा सिद्धांत, आणि कोठीत उंदीर आहेत काय याची चौकशी. हर्षाने टंकलेखन केले.

सायंकाळी. पाठविलेले उत्तर पाहिले. "धन्यवाद, तपासून पाहते." संक्षेपाची कला तिच्याकडे आहे, पण अतिरेक वाईट.

दि. २ नोव्हेंबर, रविवार

भोजराजच्या इश्यूखाली पाच अंगठे उमटले. तीन आमगावकडचे, एक बालाघाटचा, एक अर्जुनीचा. बालाघाटच्याने तर "हमारे यहाँ भी लाभ के बाद दो ही बोलते हैं" असे हिंदीतून सुनावले. हे कारस्थान आहे. हर्षाचे म्हणणे, ओपन सोर्समध्ये कोणीही बोलू शकतो. मग त्यास सोर्स कशास म्हणावे? चावडी म्हणावे.

तिला विचारले, तू कोणाच्या बाजूची? "आबाजी, मी टेस्टच्या बाजूची." टेस्ट म्हणजे प्रोग्राम खरा की खोटा याची परीक्षा.

परीक्षेस मी कधीही भ्यालो नाही. (एकदाच दिली, चौथीची. पहिला आलो.) भोजराजला आव्हान पाठविले: येत्या रविवारी आमच्या गावचे मोठे शेतकरी उमेंद्र पटील यांच्या खळ्यावर सर्वांसमक्ष मोजू. हरणाऱ्याचे नाव लायब्ररीच्या पानावरून जाईल. त्याचे नाव पानावर नाही हे हर्षाने निदर्शनास आणले. तो त्याचा प्रश्न.

दि. ८ नोव्हेंबर, शनिवार

सुशिलाबाई म्हणतात, उद्या सौंदडला जाऊन माझ्या पायदुखीचे तेल आणा. ठामपणे नकार दिला. त्या म्हणाल्या, "नोका जाऊ जी खळ्यावर. काऊन म्हातारपनी तमाशा करता?" पत्नीस माझ्या प्रकृतीची चिंता.

संकल्प: उद्या विजयानंतर नम्र राहीन. भोजराजला चहा पाजीन.

दि. ९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३

घडले ते क्रमाने लिहितो.

भोजराज महामार्गावरच्या बसने आला. वय तिशीचे. आल्या आल्या पाया पडला, त्यामुळे रागावणे कठीण झाले. सोबत एक कट्टा, म्हणजे पोतेभर, धान. म्हणाला, "बाबाजी, मी मोजत नाही. तुमच्याच गावच्या लोकांनी मोजावं."

मान्य. माझ्याच गावची माणसे! अन्नपूर्णाबाईस पायली दिली. माझे मोजणे तिच्याइतके कोणी ऐकलेले नाही. तिने पदर खोचला, पहिली पायली ओतली. "लाभ." दुसरी ओतताना थांबली, माझ्याकडे पाहिले, खाली पाहिले आणि पुटपुटली, "दोन."

ती घाबरली असावी. दुसऱ्या बाईस बोलाविले. लाभ, दोन. तिसरीस. लाभ, दोन. मग स्वतः उमेंद्र पटलांनी बाह्या सारल्या. सातवी नापास असले तरी जमीनदार माणूस. लाभ, दोन, तीन, करत वीसवर कट्टा रिकामा.

मी विचारले, हे तुम्हा सर्वांस कोणी शिकविले?

"सारेच असे मोजतात ना बाबाजी," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "तुमीच तेवढे लाभनंतर एक म्हनता."

हे कधीपासून ठाऊक होते?

"माझ्या लग्नापासून. सासूनं पयल्याच दिवशी सांगतलं, या मापाऱ्याले टोकू नोको बाई, दर राशीमागं एक पायली जास्त देऊन राहिला."

मग बोलली का नाहीस?

"कायले बोलू? बोलली असती तं तुमी सुदरले असते."

बायका हसल्या. एक तर गवताच्या पेंढीवर बसून हसली. पटलांकडे वळलो. धान त्यांचे जात होते, त्यांनी तरी बोलावयास हवे होते. ते म्हणाले, "आमच्या बाबानं एकडाव तुमाले म्हटलं होतं. तुमी तीन दिवस जेवले नाही अन् चौथीचा दाखला घेऊन आले. अन् खरं सांगू काय? तुमी मोजाले असले की बाया येरवाळीच, पहाटंच, कापनीले येतात. दुसऱ्याच्या खळ्यावर जातच नाही. एका पायलीत सस्तं पडते आमाले."

तीन गावांत मलाच का बोलावितात, त्याचे कारण असे.

वडील गेले तेव्हा मी अठराचा. त्यांचे मोजणे दुरूनच ऐकले होते. "लाभ" ऐकू आला होता, पुढचे मी गणिताने भरून काढले.

भोजराजला चहा पाजला. नम्र राहण्यास अडचण आली नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी ७

सुशिलाबाईंस विचारले, तुलाही ठाऊक होते? भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हो. म्हनून तं घरच्या मोजनीले तुमाले सौंदडले धाडत होती. नाही तं काय, घरचं बी वाटून टाकाले लावू?"

खोकला आज अजिबात नाही. काढा परत ठेवला.

दि. १० नोव्हेंबर, सोमवार

अठ्ठावन्न वर्षांच्या राशी मांडण्यास बसलो. पाटी अर्धी भरल्यावर पुसली. प्रकृती बरी नाही. रोजनिशी बंद.

दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार

रोजनिशी सुरू. बंद ठेवण्याचे कारण उरले नाही, पडून राहून पाठ दुखते.

हर्षा आज नागपूरला निघाली. जाण्यापूर्वी व्हर्जन २.०.० ठेवले. लाभ, दोन. मी म्हटले, ठरल्याप्रमाणे पानावरून माझे नाव काढ. ती म्हणाली, काढता येत नाही. तुमच्या साऱ्या वह्या तुमच्या पद्धतीच्या आहेत. नव्या नियमाने त्या खोट्या ठरतील. म्हणून तिने जुना नियम एका सेटिंगमध्ये ठेवला आहे. सेटिंगचे नाव "उदाराम". एरवी बंद असते, मुद्दाम चालू करावे लागते. माझ्या मोबाइलात चालू करून दिले.

एरवी बंद. बरे आहे.

संकल्प, आणि हा अखेरचा: यापुढे खळ्यावर शास्त्रशुद्ध पद्धत. लाभ, दोन, तीन. सकाळी गोठ्यात जाऊन पन्नास वेळा म्हटले. म्हशीने काही आक्षेप घेतला नाही.

दि. १३ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी ६

पटलांच्या खळ्यावर मजुरीची मोजणी. मला वाटले होते, आता बोलाविणार नाहीत. अन्नपूर्णाबाई पहाटेच दारात.

सर्वांसमक्ष जाहीर केले की आजपासून पद्धत बदलली. बायका पोती धरून उभ्या होत्या. एकीच्या पोत्याला ठिगळावर ठिगळ. पटील मोबाइलात पाहत होते. पहिली पायली ओतली. लाभ. दुसरी भरली. तोंडातून "एक" निघाले.

सवय. पुढच्या राशीस दुरुस्त करण्याचे ठरविले.

एकूण नऊ राशी. नऊ वेळा निघाले. पटलांनी मोबाइलातून डोके वर काढले नाही. मोबाइल बंद होता, हे मला दिसत होते.

दि. १४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९

हर्षाचा फोन. भोजराजचा इश्यू बंद केला. डाउनलोड ६८. सहज विचारल्यासारखे विचारले, ते दुसरे, "उदाराम" सेटिंग, जगात किती जण वापरतात?

तिने सगळीकडे शोधले होते. "एकच, आबाजी. तुम्ही."

मी तिला तेथल्या तेथे दुरुस्त केले. पहिल्यास एक म्हणत नाहीत.