नऊशे डोळ्यांतला डाग

१२ जुलै

पोचले एकदाची! पाच हजार मीटर उंच. आणि आमचं आंतोफागास्ता म्हणजे घराच्या पायरीवर बसलं तरी समुद्र अंगावर उडतो. खाली कॅम्पवर ताईनं बोटाला ऑक्सिमीटर लावला, त्र्याण्णव आलं, तेव्हा कुठे गाडीत चढू दिलं. योसेलिनताई कॅम्पची नर्स. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं आणि तिचं वाढवणं अजून संपलेलं नाही. वीस तारखेला बदलीची गाडी येईल, तिच्यात ती स्वतः येणार आहे. तोवर रोज दोनदा वायरलेसवर आकडा सांगायचा अशी तंबी आहे. ऐंशीच्या खाली गेला तर फरफटत खाली नेईन म्हणाली. नेईलही.

घर म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन कंटेनर, आत ऑक्सिजन सोडलेला, बाहेर रेडिओ दुर्बिणीची दहा मीटरची तबकडी, जिला दिवसाही आभाळ दिसतं. सोबतीला अबेलिनोकाका, डोंगराखालच्या तोकोनाओ गावचे, चोवीस हिवाळे इथेच काढलेले. मला बघून पहिलं वाक्य काय, तर समुद्राकडची पोरं दुसऱ्या दिवशी ओकतात, बादली तुझ्या खाटेखाली ठेवलीय. मी म्हटलं, बादली स्वच्छ असली म्हणजे झालं. हसले नाहीत. पाव मात्र गरम करून दिला, वर एवोकाडो ठेचून.

आभाळ इतकं निळं की काळं वाटतं. मी जाम खूश आहे.

१३ जुलै

ओकले नाही. काकांना वाईट वाटलं असावं.

काम सुरू झालं. आम्हाला हवा आहे शेकडो दीर्घिकांचा एक समूह, म्हणजे खरं तर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतला वायू. कोट्यवधी अंश तापलेला, पण इतका विरळ की डोळ्यांना दिसायचा नाही. विश्वाच्या बालपणी निघालेला जुना, मंद उजेड त्या वायूतून येताना बदलतो, आणि तो बदल कॅमेऱ्याचे नऊशे डोळे मोजतात. उजेड तीन चाळण्यांतून घ्यायचा. पहिलीत वायूच्या जागी गार डाग दिसतो, दुसरीत काहीच नाही, तिसरीत ऊबदार डाग. तिन्ही जमलं तरच तो वायू.

मधे हवा कडमडते. हवेतली ओल सगळ्या डोळ्यांना एकसारखी दिसते, म्हणून नऊशेच्या नऊशे डोळ्यांना एकदम जे दिसेल ते संगणक वजा करून टाकतो. याला आम्ही धुणं म्हणतो. धुतलेलाच नकाशा खाली पाठवायचा, कच्ची नोंद कोणी उघडूनही बघत नाही.

दुपारी डाग सापडला, अगदी मधोमध. पहिल्या चाळणीत गार. मी खुर्चीतून उडी मारली आणि धाप लागून खाली बसले. मग दुसरी चाळणी. तिथेही गार. तिसरीतही तेवढाच गार. वायू असं वागत नाही.

आमचे प्रमुख रिकेल्मे साहेब कॅम्पवर बसून सगळ्यांवर गुरगुरतात. ते म्हणाले, पोरी, तुझ्याआधी कॅमेरा ठणठणीत होता.

१४ जुलै

पहाटेपासून बर्फ, इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. रस्ता बंद झाला, पाच दिवस तरी उघडत नाही म्हणतात. आकडा सत्त्याऐंशी.

तबकडी समूहावरून काढून गुरू ग्रहाकडे वळवली. डाग तिथेही मधोमध. रिकाम्या आभाळाकडे वळवली, तिथेही. म्हणजे आभाळातली गोष्ट नव्हे, कॅमेराच बिघडला असणार. काका कॅमेऱ्याच्या खोलीत चढले, तासभर खुडबुड करून आले आणि म्हणाले काही बिघडलेलं नाही. काल डाग चार डोळ्यांना दिसत होता. आज चाळिसांना.

मी विचारलं, मग आहे काय हे? काकांनी उंचीवर चघळायची कोकाची पानं गालात सारली. पूर्वी हिवाळ्याचं काम सुरू करताना इथे डोंगराला नैवेद्य म्हणून जमिनीवर वाइन ओतायची पद्धत होती, रिकेल्मे साहेबांनी कामावर दारू नको म्हणून ती बंद केली, एवढंच बोलले. माझ्या प्रश्नाचं हे उत्तर होतं की नुसती कुरकुर, कळलं नाही.

१५ जुलै

रोज दुपारी एक कोल्हा उष्टं खायला येतो. आज तबकडीपासून वीस पावलांवर थांबला. समोर काही नव्हतं, नुसतं ऊन आणि बर्फ. पाठीवरचे केस ताठ. मग आल्या पावलांनी मागे सरकत गेला, तोंड न वळवता. हाडं तशीच पडून आहेत.

दोनशे डोळे. तिन्ही चाळण्यांत सारखाच. लांबची गोष्ट जवळ आली की मोठी दिसते, हे मला कोणी शिकवायला नको.

रिकेल्मे साहेबांना हे सांगितलं. त्यांनी सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल असं विचारलं, तुला ऑक्सिजन देऊ की थेट परत पाठवू, तुमच्या आंतोफागास्ताला खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात जागा आहे म्हणे. मेल्याचं तोंड बर्फात खुपसावंसं वाटलं. आकडा पंच्याऐंशी.

१६ जुलै

नीट लिहायला हवं.

तीनशे मीटरवर एक खांब आहे. त्याच्यावरची तापवलेली पत्रा-पेटी बघून आम्ही कॅमेरा जुळवतो. पेटीवर बर्फ साचलं होतं. काका फावडं घेऊन भर दुपारी निघाले, मी तबकडी खाली झुकवून खांबाकडे लावली. माणसाच्या अंगाची ऊब या कॅमेऱ्याला लख्ख दिसते. पडद्यावर काका म्हणजे खांबाशी हलणारा एक उजळ ठिपका.

डाग सरकला. आत्तापर्यंत मधून कधी हलला नव्हता. ठिपक्यावर जाऊन थांबला आणि ठिपका विझला.

मी खिडकीशी धावले. काका उभे होते. उन्हात, खांबापाशी, माझ्याकडे बघून हात हलवत होते. पुन्हा पडदा पाहिला. पेटी उजळ होती, माणूस नव्हता. हात हलवणारा माणूस, आणि त्याच्या अंगात बर्फाइतकीही ऊब नाही.

ते परत आले. चहा ओतून घेतला. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा येईना, नुसत्या दोन रेघा. बोटं गार पडली की असं होतं, हसत म्हणाले. चार दिवसांत काका पहिल्यांदा हसले.

१७ जुलै

चहा तसाच टेबलावर. वर पापुद्रा धरलाय. काका जेवत नाहीत, झोपत नाहीत. माझ्या जवळ येऊन बसतात. मी उठले की उठतात. शेगडीपाशी नव्हे, माझ्यापाशी.

अर्ध्याहून जास्त डोळे.

ताईला सगळं सांगितलं. डोकं फिरलंय म्हणाली नाही. मी म्हटलं रस्ता उघडला तरी येऊ नकोस, कोणालाच येऊ देऊ नकोस. ती म्हणाली, "तू बोलावल्याशिवाय मी येत नाही, दानित्सा. पण बोलावशील तेव्हा खरं बघून बोलाव."

मी शब्द दिला. आकडा ब्याऐंशी. काका माझ्या बोटावरचा लाल दिवा बघत होते.

१८ जुलै

गेला! नकाशा स्वच्छ! तिन्ही चाळण्यांत डाग नाही, चारचारदा पाहिलं, एकही डोळा कुरकुरत नाही. दीर्घिकांचा समूहही लागला, पहिलीत गार, दुसरीत काही नाही, तिसरीत ऊबदार, पुस्तकात छापावा असा. रिकेल्मे साहेबांनी चक्क शाब्बास म्हटलं, मग लगेच म्हणाले, आता न बिघडवता ठेव. ठेवते हो.

ताईला लगेच कळवलं. खरं बघून बोलावतेय, ये. ती रडली. मीही.

काका निवांत आहेत, माझ्याजवळ येऊन बसणं बंद झालंय. मला रात्री गाढ झोप लागली. आनंदानं भूकच मेलीय, आणि थंडीही वाजत नाही, कोट कधी काढला आठवत नाही. आकडा घ्यायचा राहिला.

१९ जुलै

रस्ता उघडला.

ओल मोजायचं यंत्र वेगळं आहे, भिंतीवर. सहज पाहिलं. हवा कोरडी ठणठणीत, काल दिवसभर कोरडी. मग धुताना संगणकानं इतकं काय वजा केलं?

कच्ची नोंद उघडली.

नऊशे डोळे. सगळे एकदम गार पडलेत. काल सकाळी सहापासून. एकही सुटलेला नाही —

सगळ्यांना दिसलं म्हणून हवा समजून पुसून टाकलं. डाग गेला नव्हता. तो कॅमेऱ्यापेक्षा मोठा झाला होता. आता बाहेर काही उरलं नाही, आम्ही त्याच्या आत —

आणि मी ताईला —

वायरलेस घेतला. येऊ नकोस म्हणाले, ओरडून म्हणाले. ताई हसली. म्हणाली, "अगं, सकाळपासून तीनदा तूच तर बोलावलंस."

मी आज वायरलेसला हात लावला नव्हता. काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून माझ्याकडे बोट दाखवलं.

२० जुलै

बोटाला लावला. दोन रेघा.

दुसऱ्या बोटाला. दोन रेघा.

गार पडली की होतं असं.

दाराला मी आतून कडी घातली होती. ती आता काढलेली आहे. मीच काढली असेन —

गाडी वळणावर आलीय. खिडकीतून दिसते. तबकडी तिकडे लावलेली आहे, कोणी लावली ठाऊक नाही. पडद्यावर दोन उजळ ठिपके. एक ड्रायव्हर. एक —

ताई, मागे फिर. हे मी लिहितेय, हे खरं आहे, मी बोलले तर ऐकू नकोस —

कोणीतरी ताईला हाक मारते आहे. माझाच आवाज. ये म्हणतेय.

ताई किती छान उजळ दिसते. लहानपणी शाळेतून आले की माझे हात ती आपल्या हातांत धरायची. तिचे हात कायम ऊबदार. आल्याबरोबर पिशवीतून ऑक्सिमीटर काढेल, माझं बोट धरेल, म्हणेल इतकी गार कशी गं तू. आणि मी ते हात —

नको. ताई, नको —

पावलं. दार —