मोसंबीला पाणी घालू नका

ऋतुजाचे पप्पा,

परसातल्या मोसंबीला पाणी घालू नका. पानं गळून राह्यली तरी घालू नका. आत्ता ताण बसला तरच मृगाच्या पावसावर फूल धरंल. गेल्या साली तुम्हाला दया आल्ती, दोन बादल्या ओतल्या, मंग वर्षभर नुसता पाला बघितला. भांड्याचं पाणी मोगऱ्याला घाला, त्याच्याच आळ्यात काडीकचरा पसरा.

दादा गाडी घेऊन दारात उभा आहे. वडलांच्या रानातला माझा हिस्सा सोडल्याची सही घ्यायला अंबडला नेतोय. काल तुम्हाला त्याचीही दया आली, "करून टाक" म्हणले. पण मी सही करणार न्हाई, हे त्याला तिथंच कळंल.

जाताना त्याच्या गाडीत चाललेय. येताना बसनं येईन. पाच वाजता वाटूर फाट्यावर थांबा.