मशीन बंद करू नका

९ एप्रिल २०१८, उधवा

दिवसभर घरात एकच विषय — मशीन! रूपेश वापीच्या कंपनीतून पाळी करून आला, जेवला नाही, थेट कॉम्प्युटरसमोर. म्हटलं, गाणी लावायचीत पोरा, रॉकेट सोडायचं नाय. म्हणतो, "बाबा, मुंबईत बसून इथलं मशीन चालवायचं म्हणजे डोकं लागतं." लागू दे. माझं सातवीपर्यंतचं आहे, तेवढ्यात बसव.

जीवनचं लगीन २० ला. जीवन म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा पोरगा. भाऊ गेला, पोरगा आमच्याच घरात वाढला. आणि माझ्या बायकोच्या, जयवंतीच्या गळ्याचं ऑपरेशन २१ ला, मुंबईला. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली की जीव राहील, आवाज राहणार नाही. लगीन पुढं ढकलू म्हटलं तर बायको माझ्यावरच ओरडली. म्हणजे ओरडायला गेली, नुसती हवा आली. "माझ्या गळ्यापायी पोराचं लगीन थांबवू नका!"

पण लग्नाची धवलेरी तीच! तीस वर्षं या पाड्यातली लग्नं हिनंच लावली. सवासिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात, तेव्हा धवलेरीनं गायचं. गाणं नाही तर चौक नाही. चौक नाही तर लगीन नाही.

गेल्या वर्षी रूपेशनं हिची गाणी मशीनमध्ये भरली. बासष्ट! नावं नाहीत, नुसते आकडे. कुठलं कधी, ते हिलाच ठाऊक. रूपेश लग्नाच्या धावपळीत, घरात दुसऱ्या कोणाला मशीन येत नाही. म्हणून ही खटपट — ही फोनवर लग्नघरचं ऐकून आकडा सांगणार, मी मुंबईहून दाबणार, घरी हिचा आवाज लागणार.

१० एप्रिल

लांबून मशीनला जोडायला नऊ आकडी नंबर आणि पासवर्ड. या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय. मशीन झोपणार नाही असं केलंय. लाईट गेली तर आली की आपोआप उठेल. नेटसाठी रूपेशचा जुना मोबाईल खिडकीत टांगला, तिथंच रेंज येते.

तपासायला तलासरीला गेलो. स्टँडवर उभा राहून माझ्या मोबाईलमधून घरच्या मशीनवरचा बाण हलवला. मी दाबायचं आणि तो तिकडं पोचेपर्यंत विडी ओढून होते. पण पोचतो! वहिनीचा — जीवनच्या आईचा, बुधीबाईचा — फोन आला. "भावजी, तुम्ही घरात नाय न बाण फिरतोय. घरात असून पण तुम्ही कधी कामाला फिरला नाय!"

हसलो नाही. उन्हात डोकं दुखत होतं.

११ एप्रिल

निघालो. वहिनीला तीनदा सांगितलं, मशीन बंद करायचं नाय. बारकीलाही सांगितलं. ही बारकी पाड्यातलीच पोरगी, चार वर्षं जयवंतीच्या मागं बसून गाणं झेलते, म्हणजे तिची ओळ परत म्हणते. पुढं होऊन एक ओळ गायली नाही. म्हणते, "मावशी असताना मी कशाला तोंड उघडू?" आता मावशी नाही तर मशीन आहे. परत तोंड मिटलेलंच.

बारकी आणि जयवंती ओट्याच्या टोकाला बराच वेळ बसल्या होत्या. गाडी थांबलेली! बायकांचं निघणं म्हणजे.

१४ एप्रिल, मुंबई

धर्मशाळेत एक खाट मिळाली. ती खाटेवर, मी खाली. रक्त घेतलं. परत रक्त घेतलं. या खिडकीवर जा, त्या खिडकीवर जा. सगळ्यांचा एकच शब्द — थांबा.

१५ एप्रिल

ती झोपली होती. जिन्यात बसून घरचं मशीन लावलं. तपासायला. नऊ नंबरचं गाणं दाबलं. मोबाईलमध्ये आला आवाज. हिचाच. पूर्वीचा, मोठा, सगळ्या पाड्याला ऐकू जाणारा. पूर्ण ऐकलं. मग परत लावलं.

वहिनीचा फोन — "भावजी, भरदुपारी जयवंती गायला लागली! बारकी दारातून पळाली, माझा भात करपला."

घरी पण वाजतं हे मी विसरलोच.

१७ एप्रिल

आज पण तपासलं. नऊ आणि एकवीस. वहिनीला आधी फोन केला. ती म्हणाली, "लावा, भात उतरवलाय."

१९ एप्रिल

सगळं तयार. कंटाळलो. रांगेला, इडलीला, "थांबा"ला. उद्याचं एकदा झालं की सुटलो.

२० एप्रिल

सकाळी आठला मशीन लावलं — लागेना! नंबर बरोबर, पासवर्ड बरोबर. मशीन बंद आहे म्हणून येतंय. पाच वेळा. रूपेशला फोन केला. तो वाजंत्र्यांना आणायला गेलेला, घरी पळाला.

अर्ध्या तासानं त्याचा फोन. आवाजच सांगत होता.

"बाबा, बोर्ड सारवलाय."

"काय?"

"भिंत सारवताना लाईटचा बोर्ड पण सारवला. शेणमातीत. भोकं पण बुजली. वर गेरू फिरवला न चौक लिहायला घेतलाय. मशीन काढून माळ्यावर ठेवलंय, गोधडीत बांधून."

म्हटलं, खरवड! तर मागून वहिनी — "भावजी, चौक खरवडायचा? बोलवतं तरी कसं तुम्हाला!"

रूपेश म्हणाला, शेजारून वायर आणतो. तास लागेल. तासभर कोण थांबतं? तांदळाचं पीठ भिजवलेलं, सवासिणी काड्या घेऊन बसलेल्या. कोणाची अक्कल ही, म्हणून विचारलं तर फोनवर बारकी आली. "काका, मी सारवलं. चुकलं माझं." वीस लोक मशीन मशीन करत होते आणि हिला बोर्ड दिसला नाही! जे तोंडात आलं ते बोललो.

आणि जयवंती? खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. तिचाच आवाज, तिचीच गाणी, माझी दहा दिवसांची मरमर — आणि ही शांत! मला त्याचाच जास्त राग आला. तिनं हात पुढं केला. फोन घेतला. घोगरं, तुटकं बोलली, "बारके. धर." बस. तेवढंच.

तिकडून नुसती बांगड्यांची किणकिण. मग बारकीनं सुरू केलं. बारीक, घाबरलेलं. दुसऱ्याच ओळीत अडकली. जयवंतीनं फोनवर नखानं टकटक केलं. बारकी परत पहिल्यापासून. मागं बायकांनी झेललं. तिसऱ्या गाण्याला तिचा आवाज असा उघडला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

दीड तास. जयवंतीनं डोळे मिटलेले, ओठ हलत होते. चौक झाला.

दुपारी रूपेशनं वायर आणली. म्हटलं, आता कशाला.

लगीन लागलं. सगळे खूष. मीच एकटा जिन्यात बसलो. मशीन लावून बघितलं, लागलं नाही.

२१ एप्रिल

सकाळी सातला आत नेलं. साडेतीनला बाहेर.

२४ एप्रिल

जागी आहे. पाणी हवं तर हात करते. नर्सनं लिहायला पाटी दिली. हिला लिहिता येत नाही, हे कोण सांगणार त्यांना? पाटी मीच उशाखाली सारली.

२ मे, उधवा

घरी आलो. बारकी बोर्डावरची माती काढत होती. म्हटलं, आधीच डोळे उघडे ठेवले असतेस तर! तिनं जयवंतीकडं बघितलं, मग मला म्हणाली, "काका, मावशीनंच सांगितलं होतं. तुम्ही निघालात त्या दिवशी, ओट्यावर. बोर्डावरनं हात फिरव, म्हणाली. मशीन गायलं तर तू कधी गाशील?"

मी जयवंतीकडं बघितलं. ती हसली. आवाज आला नाही. मग तिनं माळ्यावरच्या गोधडीकडं बोट केलं, आणि मग माझ्याकडं. गाणं बारकीचं, मशीन माझं.